मोहटोल्याला लागलेली पोथी

पुस्तक घरात नाही हे गुणवंतरावांना सोमवारी कळलं. सोमवार म्हणजे चिचखेड्याचा बाजार. पिशवी शोधायला ते आतल्या खोलीत गेले. पिशवी धानाच्या कोठीमागे सापडली, पण कोठीवर नजर गेली तर तिथं काहीच नव्हतं. लाल फडक्यात बांधलेलं एक जाडजूड पुस्तक त्या कोठीवर असायचं. गुणवंतरावांच्या पत्नी सुगंधाबाई चैत्रात वारल्या तेव्हा त्यांचं ते अर्धंमुर्धं वाचून झालं होतं, आणि तेव्हापासून त्याला कोणी हात लावला नव्हता. गुणवंतरावांनी कोठीखाली पाहिलं, कोठीत कोपरापर्यंत हात घालून पाहिला, थोडा वेळ उंदरांवर संशय घेतला. पण उंदीर पुस्तक कुरतडतो, फडक्यासकट उचलून नेत नाही. मग ते रिकामी पिशवी मांडीवर घेऊन कोठीला टेकून बसले. त्या दिवशी घरात भाजी आली नाही.

पुस्तक कुठं गेलं असेल हे बसल्या बसल्याच त्यांच्या ध्यानात आलं, आणि ते ध्यानात आलं म्हणूनच उठवेना.

शेजारच्या शकुबाईंचं मत होतं की गेलेल्या माणसाच्या वस्तू घरात ठेवू नयेत. शकुबाईंचं प्रत्येक गोष्टीवर मत असे आणि ते कुंपणावरून येत असे. "भाऊ, लुगडी वाटली, भांडी वाटली, मंग त्या पेटीनं काय घोडं मारलं? माणसाचा जीव वस्तूत गुतून राह्यते." पेटीत पुस्तकं होती. लुगड्यांना बाया मिळाल्या, पुस्तकांना कोणी मिळेना. वाण्यानं पुड्या बांधायला मागितली, तेव्हापासून गुणवंतराव मीठसुद्धा दुसऱ्या दुकानातून आणू लागले. दुसरं दुकान रेल्वे फाटकाच्या पलीकडे होतं आणि तिथलं मीठ ओलं असे. पण मान तो मान.

अशात एके दिवशी मिशनच्या शाळेचे फादर मिशेल दारात येऊन उभे राहिले. ही कॅथलिक शाळा गावाबाहेर, जंगल खात्याच्या लाकूड डेपोला लागून होती. फादर फ्रान्सकडचे. मराठी त्यांनी व्याकरणाच्या पुस्तकातून शिकली होती, त्यामुळे ती इतकी शुद्ध होती की चिचखेड्यात चटकन कोणाला कळत नसे. मुलांनी शाळेबाहेरचंही काही वाचावं असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. त्यासाठी त्यांनी सागवानाचं कपाट करून घेतलं होतं. फळ्या निवडून देणारे गुणवंतरावच, कारण डेपोच्या कारकुनीतून निवृत्त झाले तरी सागाच्या फळीवर हात फिरवायची सवय सुटली नव्हती. कपाट देखणं झालं. आत मात्र संतांची इंग्रजी चरित्रं आणि लॅटिन प्रार्थना. चिचखेड्याच्या चौथीतल्या पोरांना त्यांची गोडी लागेना, यात पोरांचा काही दोष नव्हता.

"आपल्या पत्नीचे ग्रंथ मुलांच्या हाती पडतील, तर फार उत्तम होईल," फादर म्हणाले.

गुणवंतराव हो म्हणाले. फक्त कोठीवरचं तेवढं ठेवायचं, बाकी सगळं द्यायचं, असं त्यांनी ठरवलं. पण ते मनात ठरवलं. लच्छू गाडीवानाला मात्र तोंडानं सांगितलं, "आत जेवढी पुस्तकं दिसतील तेवढी उचल," आणि स्वतः दाढी करायला बसले, कारण शाळेत समारंभ होता. लच्छूनं कोठीवरचं लाल फडकं पाहिलं, पायातल्या वहाणा काढल्या, हात जोडले आणि ते पुस्तक पेटीच्या सर्वांत वर ठेवून नेलं. समारंभात फादरांनी गुणवंतरावांना 'थोर वाचक' म्हटलं. स्वतःची शाळा सुटल्यापासून गुणवंतरावांनी डेपोच्या लाकूडनोंदीपलीकडे काही वाचलं नव्हतं. पण गळ्यात झेंडूचा हार असताना माणूस दुरुस्त्या करत बसत नाही.

मंगळवारी सकाळी ते शाळेत गेले. वाटेत त्यांनी वाक्य तयार केलं होतं, की एक पुस्तक चुकून आलं, तेवढं न्यायला आलो. वाक्यात काही अवघड नव्हतं.

"ते पुस्तक?" फादरांचा चेहरा उजळला. "ते तर बाहेर गेले आहे! आपण बसावे. आनंदाची गोष्ट आहे."

आनंदाची गोष्ट अशी होती की शाळा उघडल्यापासून फादर मुलांना पुस्तकं घरी न्या म्हणून विनवत होते. लेमनच्या गोळ्या दाखवत होते. पण कोणी नेत नव्हतं. एकाचा बाप म्हणाला, पुस्तक फाटलं तर मिशनवाले बैल घेऊन जातील. एकाची आजी म्हणाली, त्या कपाटातलं पुस्तक रात्रभर घरात राहिलं की सकाळी पोरगा क्रिस्तावाच्या जातीचा होऊन उठेल. आणि मागच्या शनिवारी जंगलाकडच्या मोहटोला गावची धुरपता नावाची चौथीतली मुलगी स्वतःहून पुढं आली आणि सगळ्या कपाटातून तिनं एकच पुस्तक काढलं. लाल फडक्यातलं.

"माझ्या ग्रंथालयातून गेलेले ते पहिले पुस्तक आहे," फादर म्हणाले. "आणि आजपर्यंतचे एकमेव."

"तेच मले पायजे होतं," गुणवंतराव म्हणाले.

फादरांना वाईट वाटलं हे खरंच दिसत होतं. पण ते म्हणाले, "पहिलेच पुस्तक मी परत मागितले, तर दुसरे कोण नेईल? आपणच सांगावे."

गुणवंतरावांच्याच बायकोच्या पुस्तकांसाठी सगळा खटाटोप चालला होता. त्यांनी विचारलं, नियमानं पुस्तक किती दिवस ठेवता येतं. फादर म्हणाले, आठवडा. मग आठवड्यानं मीच नेतो, असं गुणवंतराव म्हणाले. त्यावर फादरांनी फार संकोचून सांगितलं की ग्रंथालय शाळेच्या विद्यार्थ्यांसाठी आहे, तसा नियम त्यांनी स्वतःच केला आहे, आणि स्वतः केलेला नियम मोडायला त्यांना दुसऱ्या कोणाची परवानगी मागता येत नाही. तरी काही मार्ग काढू. गुणवंतरावांनी सरकारी नोकरीत असे अनेक मार्ग निघताना पाहिले होते. ते घरी आले.

आठवडा झाला, पुस्तक आलं नाही. दुसरा झाला, तरी नाही. धुरपता आठवडाभर चिचखेड्यात मावशीकडे राही आणि शनिवारी गावी जाई. गुणवंतरावांनी तिला फाटकापाशी गाठलं. ठेंगणी, तेल लावून घट्ट वेणी घातलेली पोर. चालताना अक्षरं दिसतील ती वाचत चालली होती. फाटकावरची सूचना, बिडीची जाहिरात, सगळं मोठ्यानं.

"बाई, पुस्तक कधी वापस करतं?"

"पोथी उठली नाई ना अजून," ती म्हणाली, जणू हे त्यांना ठाऊक असायला हवं होतं, आणि पुढची पाटी वाचत निघून गेली.

पोथी कसली? पुढच्या रविवारी ते छत्री घेऊन मोहटोल्याला निघाले. वाट दोन कोसाची, मध्ये नाला. नाल्यात एक वहाण गेली. एका पायात वहाण घालून गावात शिरणं बरं दिसत नाही म्हणून त्यांनी दुसरी हातात घेतली, आणि तसेच, छत्री आणि वहाण घेऊन, धुरपताच्या आजोबांच्या, मुखरूबुढ्याच्या, अंगणात उभे राहिले.

पडवी माणसांनी भरली होती. मध्ये पाट, पाटावर सुगंधाबाईंचं पुस्तक उघडं. त्याला हळदकुंकू लावलेलं. पानांवर तांदूळ. पाटाशी न्हाऊन-धुऊन बसलेली धुरपता बोट फिरवत वाचत होती, "आणि इंदुमतीने चहाचा पेला टेबलावर ठेवला."

ती थांबली. शेजारी बसलेल्या, कपाळाला बुक्का लावलेल्या म्हाताऱ्यानं डोळे मिटले. हे देवाजी. दर चातुर्मासात गावात पोथी लागे तेव्हा एकजण वाचे आणि देवाजी अर्थ सांगत. देवाजींना वाचता येत नव्हतं, पण अर्थ सांगायला त्याची कधी अडचण आली नव्हती.

"चहाचा पेला म्हंजे काय?" देवाजींनी विचारलं. कोणी उत्तर दिलं नाही, कारण द्यायचं नसतं. "पेला म्हंजे देह. चहा म्हंजे वासना. गरम हाय तोवर गोड लागते. इंदुमतीनं काय केलं? ठेवून देला. आपण ठेवतो का?"

"नाई ठेवत बापा," एक बाई हळहळून म्हणाली.

गुणवंतरावांचा राग नाल्यापासून वाढत आलेला होता. पण वाचन चालू असताना बोलायची सोय नव्हती. कोणीतरी त्यांच्या हातातली वहाण घेतली, पायांवर पाणी घातलं आणि त्यांना पुढं बसवलं. वाचन आटोपल्यावर त्यांनी मुखरूला बाजूला घेतलं.

"मुखरूभाऊ, हे पोथी नोहे गा. हे कादंबरी आहे. गोष्ट. पुण्याच्या लोकांची."

"आमाले बी दोन-चार अध्यायांनंतर शंका आली," मुखरू शांतपणे म्हणाला. "म्हटलं, येच्यात देव काऊन येऊन नाई राह्यला? देवाजी म्हणे, येईल पुढं."

घडलं होतं ते साधं होतं. गावचा वाचणारा बुवा आदल्या वर्षी वारला होता, त्यामुळे यंदा पोथी लागणार नाही म्हणून गाव खट्टू झालं होतं. धुरपतानं ते ऐकलं आणि शाळेच्या कपाटात लाल फडक्यातली पोथी दिसली तशी आणली. मोहटोल्यात लाल फडक्यात पोथीशिवाय दुसरं काही बांधत नाहीत. पुस्तकाची पहिली पानं कधीच गळालेली, त्यामुळे नावाचा प्रश्नच नव्हता. चिचखेड्यात धुळीपासून जपायला म्हणून सुगंधाबाईंनी आपल्या फाटक्या लुगड्याचा तुकडा त्याला बांधला होता, हे मोहटोल्याला कळायचं काही कारण नव्हतं.

"मंग आता कळलं ना? देऊन टाका मले," गुणवंतराव म्हणाले. "माह्या घरचं आहे."

"तुमचंच हाय, भाऊ. पण नारळ फुटला ना." मुखरूनं हात पसरले. "एकदा पोथी लागली का मधात उठवता नाई येत. तुमी शिकलेले, तुमाले का सांगू? समाप्ती होऊ द्या, गावजेवण होऊ द्या, मी सोता डोक्यावर घेऊन तुमच्या घरी आणतो."

अर्धवट सोडलेल्या पोथीनं कोणाच्या घरी काय काय झालं याची उदाहरणं मग पडवीतल्या सगळ्यांनी दिली. त्यात एक घर जळालं होतं, एक म्हैस आटली होती आणि एकाच्या जावयानं सासुरवाडीला येणं बंद केलं होतं. एवढा पुरावा समोर आल्यावर गुणवंतराव पुस्तक उचलून निघाले असते तर त्यांच्या हातात दुसरी वहाणही राहिली नसती.

तेव्हा त्यांनी दर रविवारी जायचं ठरवलं. पुस्तकावर लक्ष ठेवायला, एवढंच. कोणी पान दुमडतं का, तांदळामुळे मुंग्या लागतात का, हे पाहायला हवं होतं. पण जो पुढं बसतो आणि ज्याला वाचता येतं, त्याला मोहटोल्यात नुसतं बसू देत नाहीत. धुरपता 'पियानो' या शब्दावर अडली तेव्हा सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं.

"पेटी असते ना भजनाची," गुणवंतराव म्हणाले, "तिचा मोठा भाऊ."

सगळ्यांना एकदम कळलं. देवाजींना ते आवडलं नाही. त्यांनी पियानो म्हणजे अनाहत नाद असा अर्थ आधीच सुरू केला होता. पण पुढच्या रविवारपासून गुणवंतरावांसाठी वेगळी घोंगडी अंथरली जाऊ लागली, आणि घोंगडीबरोबर नियमही आले. सकाळी न्हाऊन यायचं. चातुर्मास संपेपर्यंत कांदा नाही, वांगं नाही. गुणवंतरावांना एकट्याला दोनच भाज्या करता येत होत्या. एक कांद्याची, एक वांग्याची.

एक गोष्ट मात्र त्यांनी कोणाला सांगितली नाही. तिसऱ्या रविवारी धुरपता वाचत होती, की इंदुमतीच्या नवऱ्याची विलायतेहून आलेली पत्रं तिच्या सासूनं, अक्कासाहेबांनी... आणि गुणवंतरावांना एकदम कळलं की अक्कासाहेबांनी ती चुलीत घातली. धुरपतानं वाचलं, "चुलीत घातली." ते घोंगडीवर ताठ झाले.

सुगंधाबाई जेवण वाढताना बोलत असत. आज अक्कासाहेबानं असं केलं, इंदुमती बिचारी तसं म्हणाली. गुणवंतराव 'हं' म्हणत आणि वरण ओढत. कितीतरी महिने त्यांना वाटत होतं की अक्कासाहेब ही सुगंधाबाईंच्या माहेरची कोणीतरी खाष्ट म्हातारी आहे. एकदा तर ते म्हणाले होते, "तिले कोणीतरी सांगून पाहा वो, अशानं घर तुटते." त्यावर सुगंधाबाई पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या होत्या की पोळी करपली. का हसल्या ते गुणवंतरावांना मोहटोल्याच्या पडवीत कळलं.

त्यानंतर ते रविवारची वाट पाहू लागले. धुरपता अडखळत वाचे, देवाजी देह आणि माया करीत, आणि गुणवंतरावांना मधूनच पुढचं वाक्य येई. सगळंच येत नसे. 'हं' म्हणत ऐकलेलं जेवढं राहतं तेवढंच. मुखरू एकदा म्हणाला, "भाऊले पोथी तोंडपाठ हाय." गुणवंतरावांनी नाही म्हटलं नाही.

इकडे चिचखेड्यात त्यांची अब्रू दोन बाजूंनी फाटत होती. मिशनच्या शाळेत जातात, रविवारी न्हाऊन-धुऊन, धुतलेलं धोतर नेसून जंगलाकडे जातात, कांदा सोडलाय. शकुबाईंनी कुंपणावर कोपरं टेकून स्पष्टच विचारलं.

"भाऊ, कोण हाय ते मोहटोल्याची?"

"कोण?"

"लपवता काऊन? माणसाले एकट्यानं निभत नाई, मले समजते. पण वर्ष तर होऊ द्या सुगंधाले! आन् लोक म्हणून राह्यले का तुमी क्रिस्ताव होऊन लग्न लावता म्हून."

गुणवंतरावांना दोन्ही आरोपांचा एकदम इन्कार करायचा होता, त्यामुळे कोणताच नीट झाला नाही. ते म्हणाले, "मी पोथी ऐकाले जातो." "मिशनची पोथी?" शकुबाईंनी विचारलं. उत्तर 'हो' असंच होतं. गुणवंतराव घरात निघून गेले. दुसऱ्या दिवशी शकुबाईंनी त्यांच्यासाठी एक स्थळ आणलं, आपल्याच जातीतलं, म्हणजे माणूस धर्मात तरी राहील. गुणवंतरावांनी दार लावून घेतलं आणि वरणभात खाल्ला. तो कच्चा होता.

मोहटोल्याची पोथी फार चांगली आहे, तिच्यात सासूला पुढं शिक्षा होणार आहे, ही बातमी आजूबाजूच्या टोल्यांवर, लहान वस्त्यांवर, पोचली. आणि एका शनिवारी फादरांच्या कपाटापुढं रांग लागली. ज्यांना फादर लेमनच्या गोळ्या दाखवून थकले होते ती सगळी पोरं पुस्तक मागत होती. अट एकच, लाल फडकं पाहिजे. फादरांना कारण कळलं नाही, पण मूल पुस्तक मागतंय एवढं त्यांना पुरेसं होतं. मिशनच्या सिस्टरांनी लाल खादीचं ठाण आणून फडकी शिवली. कपाट भराभर रिकामं होऊ लागलं. एका गावात सुगंधाबाईंचं पाकशास्त्राचं पुस्तक लागलं, आणि तिथं दर रविवारी पुरणाच्या प्रकरणाला गर्दी होऊ लागली. दुसऱ्या गावी त्याच पेटीतली कोंबडीपालनाची सरकारी पुस्तिका बसली. तिचा अर्थ सांगायला देवाजींना बैलगाडी पाठवून नेलं, आणि अंडं म्हणजे ब्रह्मांड हे त्यांनी असं पटवलं की त्या गावानं महिनाभर अंडी विकली नाहीत. आणि सगळीकडे वाचणारी पोरंच होती, कारण दुसऱ्या कोणाला वाचताच येत नव्हतं. जी पोरं वर्गात पाठ वाचताना रडत ती रविवारी अख्ख्या गावासमोर बसून पानंच्या पानं वाचत, आणि चुकलं तर लोक म्हणत, "सावकाश बाप्पा, पोथी कुठी पळून जाते?"

फादर एके संध्याकाळी गुणवंतरावांकडे आले आणि म्हणाले, "मुलांचे वाचन इतके सुधारले आहे की मला भीती वाटते." गुणवंतरावांनी त्यांना चहा दिला. तोही त्यांना नीट जमत नसे. फादरांनी तो पूर्ण प्यायला.

भीती खरी ठरली. दसऱ्यानंतर चांद्याहून शाळा तपासायला इन्स्पेक्टरसाहेब आले. साहेब आधीच चिडलेले होते. राज्य बदलायचं होतं, चांदा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबईकडे जायचा होता, आणि पुढच्या महिन्यात आपण कोणत्या सरकारचे इन्स्पेक्टर असू हे त्यांना कोणी सांगत नव्हतं. त्यांनी कपाट उघडलं. आत लॅटिन.

"मराठी पुस्तकं कुठं आहेत?"

"गावोगावी आहेत," फादर आनंदानं म्हणाले.

"परत कधी येणार?"

"समाप्ती झाल्यावर." एवढा शब्द फादर आता शिकले होते.

साहेबांनी विचारलं, कसली समाप्ती. फादरांनी सांगितलं. साहेबांनी पुन्हा विचारलं. मिशनच्या शाळेची पुस्तकं हळदकुंकू लावून पुजली जातात, हे त्यांना कोणत्या सदरात घालावं कळेना. शेवटी ते म्हणाले, "ग्रंथालय म्हणजे जिथं ग्रंथ असतात ते. कार्तिकाच्या शेवटी मी पुन्हा येईन. सगळी पुस्तकं कपाटात दिसली पाहिजेत. नाहीतर ग्रंथालय बंद." आणि जाताना दारात थांबून म्हणाले, "मीच येईन की दुसरा कोणी, ते सांगता येत नाही. पण येईल."

फादर त्याच दुपारी गुणवंतरावांकडे आले. "मी मागू शकत नाही," ते म्हणाले. "मागायला गेलो तर म्हणतील, दिले आणि काढून घेतले. आपण त्यांच्यातले आहात. मोहटोल्याचे पुस्तक आले की बाकीचे गावही देतील. आणि ते पुस्तक आपण घरी ठेवावे. साहेबांना मी दुसरे दाखवीन. तो नियम मी मोडतो."

बाजाराच्या त्या सोमवारपासून जे हवं होतं ते असं आपोआप हातात आलं. रविवारी गुणवंतराव पिशवी घेऊन मोहटोल्याला निघाले. वाटेत त्यांनी वाक्य तयार केलं, की शाळेचा हुकूम आहे, पोथी उठवावी लागते, दोष शाळेच्या माथी. धानाच्या बांध्या पिवळ्या पडल्या होत्या. आजचं वाचन होऊ द्यायचं, मग सांगायचं.

धुरपता आता अडखळत नव्हती. इंदुमतीनं अक्कासाहेबांच्या तोंडावर घर सोडलं. पडवीतल्या बायांनी पदर डोळ्यांना लावले. घर सोडून ती नाशिकला गेली आणि मुलींच्या शाळेत मास्तरीण झाली. पहिल्या दिवशी वर्गात ती हजेरी घ्यायचीच विसरली.

गुणवंतराव पुढच्या वाक्याची वाट पाहत होते. ते आलं नाही. म्हणजे धुरपतानं वाचलं, पण त्यांना आलं नाही. नाशिकचं नाव त्यांच्या घरात जेवताना कधी निघालंच नव्हतं. मास्तरीण निघाली नव्हती.

"बाई, मागचं पान वाच एकदा," ते म्हणाले.

धुरपतानं वाचलं. घर सोडलं ते माहीत होतं. त्या दिवशी वांग्याची भाजी होती, सुगंधाबाईंना ताप होता आणि तरी त्या म्हणाल्या होत्या, "गेली बापा एकदाची त्या घरातून." नाशिक माहीत नव्हतं.

"अजून एकदा."

"काय झालं भाऊ?" देवाजींनी विचारलं. अर्थ सांगायचं सोडून तेसुद्धा थांबले होते.

"काही नाई," गुणवंतराव म्हणाले. "येच्या पुढचं मले माहीत नाई."

सुगंधाबाई गेल्याचं गावाला ठाऊक होतं. पुस्तक त्यांचं होतं हेही. मुखरूनं चिलीम बाजूला ठेवली.

"मंग आमाले तरी कुठी माहीत हाय?" तो म्हणाला. "बसा. वाच वो पोरी."

धुरपतानं वाचलं. वर्गातल्या एका मुलीनं इंदुमतीला विचारलं, बाई, तुम्ही रडता का? देवाजींनी यावर अर्थ सांगितला नाही. नुसतं म्हणाले, "पुढं." प्रकरण संपल्यावर सगळ्यांनी हात जोडले, गुणवंतरावांनीही जोडले. मुखरू म्हणाला की उद्यापासून धान कापायला घ्यावं लागते, आता पोथी कापणी होईतोवर झाकून ठेवू. त्यानं पुस्तक लाल फडक्यात बांधलं आणि गुणवंतरावांच्या पिशवीकडे पाहिलं. "काही आणलं होतं का, भाऊ?"

"वांगी भेटतील का पाहाले आलो होतो," गुणवंतराव म्हणाले.

"चातुर्मासात?" देवाजी म्हणाले. सगळे हसले. गुणवंतरावांना हसण्याचा राग आला नाही.

फादर शाळेच्या दारात वाट पाहत उभे होते. गुणवंतरावांनी पिशवी उलटी करून दाखवली. फादरांनी कारण विचारलं नाही. त्यांनी सांगितलं की कोंबडीपालनवाल्या गावानंही नाही म्हणून कळवलं आहे, आणि साहेबांसाठी ते आता कपाटाची वरची फळी लॅटिननं नीट भरून ठेवणार आहेत.

धानकापणी सुरू आहे. साहेब अजून आलेले नाहीत, नवे की जुने तेही कळलेलं नाही. शकुबाईंना त्या स्थळासाठी नाही म्हणायचं राहिलं आहे. इंदुमती नाशिकला आहे, तिच्या नवऱ्याला ते माहीत नाही, आणि शेवटची प्रकरणं वाचायची राहिली आहेत.